गवताचा सातबारा कुणाच्या नावावर? मंगोलियाच्या कुरणांची गोष्ट

2023-24च्या हिवाळ्यात मंगोलियात 70 लाखांहून जास्त जनावरं मेली. मेंढ्या, शेळ्या, गायी, घोडे, उंट. काही थंडीने मेली, बरीचशी उपासमारीने. बर्फ वितळल्यावर जिकडेतिकडे पडलेले सांगाडे गोळा करून पुरणं हेच एक मोठं सरकारी काम होऊन बसलं. तेव्हापासून या देशाच्या बातम्या अधूनमधून आपल्याकडेही दिसतात. आता 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ही मागणी मंगोलियानेच लावून धरली होती.

या बातम्या वाचताना एका गोष्टीशी माणूस अडखळतो. हा देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा. लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जनावरं माणसांच्या सोळा-सतरा पट. देशाची सुमारे 70 टक्के जमीन कुरणाची आहे आणि त्यातली एक गुंठाही कुठल्या मेंढपाळाच्या नावावर नाही, कारण राज्यघटनेनेच कुरणाच्या खासगी मालकीला मनाई केली आहे. जनावरं मात्र पूर्णपणे खासगी.

आपण शेतीच्या मुलखातली माणसं. बांध, हद्द, फेरफार, सातबारा या शब्दांवर आपला जमिनीचा सगळा विचार उभा असतो. त्यामुळे ही व्यवस्था ऐकली की आपल्याला ती अर्धवट, राहून गेलेली वाटते. कुणीतरी अजून मोजणीच केली नाही असं वाटतं. मला मात्र ही व्यवस्था जितकी समजत गेली तितकी खात्री पटत गेली, की तिथला खरा कायदा जमीन कुणाची हे कधी ठरवतच नव्हता. कोण कधी कुठून हलणार, हे तो ठरवत होता.

तिथे नांगर का चालत नाही

स्टेप म्हणजे झाडं नसलेलं, गवताळ, कोरडं मैदान. हा पट्टा पूर्व युरोपातून कझाकस्तान ओलांडून थेट मांचुरियापर्यंत जातो. मंगोलिया त्याच्या पूर्वेकडच्या, उंच आणि थंड भागात येतो. वर्षाचा पाऊस आपल्या दुष्काळी माण तालुक्यापेक्षाही खूप कमी. हिवाळ्यात पारा उणे 30च्या खाली जातो आणि गवत वाढायला जेमतेम तीन-चार महिने मिळतात.

पाऊस कमी पडतो हे तर आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की तो कुठे पडेल याचा भरवसा नसतो. यंदा या खोऱ्यात गुडघाभर गवत, पलीकडच्या खोऱ्यात धूळ. पुढच्या वर्षी नेमकं उलट. अशा ठिकाणी एकाच जागी घट्ट बसणारा माणूस तीन-चार वर्षांत एकदा तरी बुडणारच. गवत जागा बदलतं, म्हणून कळप जागा बदलतो आणि कळपामागे घर.

इथे आपल्या भाषेचाही थोडा अडथळा होतो. 'भटकणं' म्हटलं की आपल्या कानाला दिशाहीन फिरणं ऐकू येतं. मंगोल भाषेत या लोकांसाठी जो शब्द आहे, तो 'न्यूदेल' या शब्दावरून आला आहे, आणि न्यूदेल म्हणजे बिऱ्हाड हलवणं. बिऱ्हाड हलवणारा माणूस कुठे चाललाय हे त्याला पक्कं माहीत असतं. मेंढपाळ कुटुंबाला साधारणपणे वर्षाचे चार मुक्काम असतात: हिवाळी, वसंताचा, उन्हाळी आणि शरदातला. गोलाकार लाकडी जाळीचं, लोकरीच्या नमद्याने मढवलेलं 'गेर' नावाचं घर तासा-दोन तासांत उतरतं, पुन्हा तितक्याच वेळात उभं राहतं, आणि त्याचं दार दर वेळी दक्षिणेला असतं. हिरव्यागार डोंगराळ भागात दोन मुक्कामांमधलं अंतर काही किलोमीटर असतं. गोबी वाळवंटाच्या बाजूला ते शंभरावर जाऊ शकतं.

पाच तोंडांची जनावरं

मंगोल लोक आपल्या पशुधनाला 'पाच तोंडांची जनावरं' म्हणतात: घोडा, उंट, गाय (यात याकही आला), मेंढी आणि शेळी. तोंड हा शब्द त्यांनी फार विचाराने निवडला असावा, कारण सगळा हिशेब कोण काय आणि कसं खातं यावर चालतो. उंट काटेरी झुडपं खातो. शेळी गवत अगदी बुडाशी कुरतडते. घोडा खुराने बर्फ उकरून खालचं गवत काढतो. गायीला ते जमत नाही. म्हणून हिवाळ्यात घोडे पुढे आणि मेंढ्या मागून, अशी चराई लावता येते. पाचही जनावरं बाळगणं म्हणजे सगळा पैसा एकाच पिकात न घालण्यासारखं आहे. एकाला जे वर्ष वाईट जातं, ते दुसरं निभावून नेतं.

हे सांगायचं कारण पुढे येईल. 1990 नंतर बिघडलेल्या गोष्टींमध्ये पाच तोंडांचं हे प्रमाणही आहे.

मग जमीन कुणाचीच नव्हती का?

बाहेरून येणाऱ्यांचा हा सर्वात जुना गैरसमज. पण 1253 साली फ्लँडर्सकडचा एक ख्रिस्ती साधू, विल्यम ऑफ रुब्रुक, मंगोलांच्या मुलखात गेला, तेव्हा त्याने नेमकी उलटी नोंद केली. तो लिहितो की प्रत्येक सरदाराला, त्याच्या हाताखाली माणसं जास्त असोत की कमी, आपल्या कुरणाच्या हद्दी ठाऊक असतात. आणि हिवाळ्यात, उन्हाळ्यात, वसंतात नि शरदात कुठे चारायचं हेही ठाऊक असतं. कुंपण नव्हतं, मोजणीचे दगड नव्हते. तरी हद्द होती, आणि तिला ऋतू जोडलेला होता.

हे समजायला आपल्याकडची सामाईक विहीर आठवावी. चार भावांची एक विहीर. तिच्या पाण्याचे चार तुकडे करता येत नाहीत, म्हणून पाळी लागते: सोमवार-मंगळवार थोरल्याचा, बुध-गुरू दुसऱ्याचा. तिथे पाण्यावरचा हक्क म्हणजे ठरलेल्या दिवशी मोटर चालू करण्याचा हक्क. स्टेपवरचं कुरण या विहिरीसारखं आहे.

आपल्या कायद्याच्या भाषेत यासाठी सुंदर शब्द आहे: वहिवाट. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. कुठल्या घाटाने उतरायचं, कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, त्याबद्दल किती धान्य मिळणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कागद कुठेच नाही. स्टेपची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही ती यामुळे.

मंगोल वहिवाटीत सगळ्यात घट्ट हक्क हिवाळी मुक्कामाचा. तो डोंगराच्या दक्षिण उताराला, वाऱ्याच्या आडोशाला असतो. तिथे दगडाचा किंवा लाकडाचा गोठा असतो, आणि गोठ्यात वर्षानुवर्षं साठून घट्ट झालेल्या लेंड्यांचा थर असतो. हा थर म्हणजे जनावरांची गादी. उणे 35 अंशांत तोच त्यांना जिवंत ठेवतो. तो तयार व्हायला कित्येक हिवाळे लागतात, म्हणून ज्याने तो तयार केला त्याचा त्या जागेवर हक्क. आणि त्या मुक्कामाच्या आसपासचं गवत उन्हाळ्यात कुणीही, अगदी तिथल्या माणसाने स्वतःही, चारायचं नाही. ते हिवाळ्यासाठी राखून ठेवायचं. तहसीलदार नाही, पंचनामा नाही, पण हा नियम मोडणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतो. उघड्या मैदानात, बर्फात, शेजाऱ्यांशिवाय निभावत नाही.

चंगीझ खानाचा कायदा काय होता?

1206 साली ओनोन नदीच्या उगमाकडे भरलेल्या 'कुरुलताई'त, म्हणजे सरदारांच्या मोठ्या सभेत, तेमुजिनला चंगीझ खान ही पदवी मिळाली. त्याचा 'यासा' नावाचा कायदा प्रसिद्ध आहे, आणि इंटरनेटवर त्याची कलमं क्रमांक घालून फिरतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. यासाची संपूर्ण संहिता आजवर कुणालाही मिळालेली नाही. जे आहे ते इराणी, अरबी आणि इतर लेखकांनी बाहेरून टिपलेलं. ती खरोखर एकच लिखित संहिता होती, की वेळोवेळी दिलेल्या हुकमांचा साठा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

एक गोष्ट मात्र मंगोलांच्या स्वतःच्या 13व्या शतकातल्या इतिवृत्तात आहे. चंगीझने शिगी खुतुखू या आपल्या घरात वाढलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायाधीश नेमलं आणि सांगितलं की वाटण्या आणि निवाडे निळ्या वहीत लिहून ठेव, ते पुढे कुणी बदलायचे नाहीत. बहुतेक मेंढपाळांना अक्षरओळख नसलेल्या समाजाने राज्य उभारताना पहिल्या काही कामांत निवाड्यांची वही घातली, ही बाब मला त्यांच्या लढायांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

यासातल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नियमांमध्ये वाहत्या पाण्यात हात बुडवण्याला, कपडे धुण्याला बंदी आहे. शहरी इराणी लेखकांना ते विचित्र वाटलं. ज्या मुलखात एका ओढ्यावर कित्येक कळपांचं पिणं अवलंबून असतं, तिथल्या माणसाला वाटणार नाही.

वारसाचा नियमही बघण्यासारखा आहे. आपल्याकडे भाऊवाटणीत शेताचे तुकडे होतात, मग तुकड्यांचे तुकडे. तिथे जमीन वाटायचीच नसते, वाटायचा तो कळप. थोरल्या मुलाचं लग्न झालं की त्याला जनावरांतला वाटा देऊन वेगळं गेर घालून द्यायचं, मग दुसऱ्याला, आणि शेवटी आईवडिलांचं गेर आणि चूल धाकट्याकडे. या धाकट्याला 'ओत्चिगिन' म्हणत, म्हणजे चुलीतला अग्नी राखणारा. चंगीझनंतर साम्राज्याच्या वाटण्या झाल्या, त्याही याच घरगुती नियमाने: थोरल्यांना दूरदूरचे मुलूख, आणि धाकट्या तोलुईला मंगोलियातला मूळ मुलूख.

शेतकऱ्याची नजर आणि पशुपालकाची नजर किती वेगळी असते, याचा एक प्रसंग चंगीझचा मुलगा ओगदेई याच्या दरबारातला आहे. उत्तर चीन जिंकल्यावर एका सरदाराने सुचवलं की इथले शेतकरी काही कामाचे नाहीत, त्यांना हटवून शेतांची कुरणं करू. येलू चुत्साई या मंत्र्याने आकडे मांडून दाखवले की ही शेतं राहू दिली तर दर वर्षी एवढी चांदी, एवढं रेशीम, एवढं धान्य करातून मिळेल. शेतं वाचली. पुढच्या शतकांत हाच प्रसंग उलटा घडत राहिला. राज्य शेतकऱ्यांचं झालं आणि 'पडीक' ठरली ती कुरणं. येलू चुत्साईसारखा आकडे मांडणारा कुरणांच्या बाजूने मात्र क्वचितच उभा राहिला.

दंड नऊ जनावरांचा

यासा हरवला, पण 1640 सालची मंगोल-ओइरात संहिता हाती आहे. पूर्वेकडचे खाल्खा आणि पश्चिमेकडचे ओइरात या, एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या, मंगोल गटांनी एकत्र बसून ती केली. तिच्यात दंड पैशात नाही, जनावरांत आहे, आणि तोही बऱ्याचदा नऊच्या पटीत: एक नवक, तीन नवकं, नऊ नवकं. नऊ हा त्यांचा शुभ आकडा.

ती वाचताना जाणवतं की अर्धा कायदा बर्फासाठी आणि वणव्यासाठी लिहिलेला आहे. दुसऱ्याची जनावरं लांडग्यांपासून किंवा आगीतून वाचवली, तर वाचवणाऱ्याला बक्षीस. तहानलेल्याला कुमिस, म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध, नाकारलं तर एका मेंढीचा दंड. आपण पाहुणचाराला संस्कार म्हणतो. तिथे दोन गेरांमध्ये वीस-तीस किलोमीटर मोकळं रान असू शकतं, आणि थंडीत दार न उघडणं म्हणजे माणूस मारणं. पाहुणचार कायद्यात लिहावा लागला तो त्यामुळे.

1691मध्ये खाल्खा सरदारांनी चीनच्या मांचू सम्राटाचं वर्चस्व मानलं आणि कायद्याचा सूर बदलला. मंगोलिया 'होशू' नावाच्या प्रांतिक तुकड्यांत विभागला गेला. नकाशावर रेषा आल्या, आपला होशू सोडून बाहेर चारायला बंदी झाली. सरदारांवर नजर ठेवायला हे सोयीचं होतं. पण होशू बरेच मोठे होते आणि आतली हालचाल चालू राहिली. गवताच्या दृष्टीने व्यवस्था मोडली नाही.

समाजवाद आला आणि गेला

1921च्या क्रांतीनंतर मंगोलिया सोव्हिएत रशियाच्या छायेत गेला. 1930च्या सुमाराला जनावरं जबरदस्तीने सामुदायिक करण्याचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा लोकांनी ती कापून टाकली, 1932मध्ये उठाव झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. दुसऱ्यांदा, 1950च्या दशकाच्या शेवटी, ते जमलं. जवळजवळ सगळे मेंढपाळ 'नेगदेल' या सहकारी संस्थांचे पगारी सभासद झाले.

नेगदेलने माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, यात शंका नाही. पण एक काम तिने केलं: हलण्याची व्यवस्था. बिऱ्हाड हलवायला ट्रक, लांबच्या कुरणात विहीर, हिवाळ्यासाठी वाळलं गवत, पशुवैद्य. कोणता कळप कधी कुठे जाणार हे ठरवणारं कुणीतरी होतं. पूर्वी सरदार आणि मठ जे करत, ते आता संस्था करू लागली.

1990मध्ये सोव्हिएत मदत थांबली. एक-दोन वर्षांत नेगदेल मोडले आणि जनावरं वाटली गेली. कारखाने बंद पडले, आणि शहरातला शिक्षक, ड्रायव्हर, कामगार पोट भरायला कुरणात आला. मेंढपाळांची संख्या साधारण दीड लाखावरून दहा वर्षांच्या आत 4 लाखांच्या घरात गेली. जुनी वाट या नव्या माणसांना माहीत नव्हती, ट्रकचं डिझेल परवडत नव्हतं. ती रस्त्याच्या, बाजाराच्या, शाळेच्या आसपास थांबली. दुसऱ्याने हिवाळ्यासाठी राखलेलं गवत भर उन्हाळ्यात चारलं गेलं, आणि जाब विचारणारं कुणी उरलं नाही.

त्यात काश्मिरी लोकर आली. शेळीच्या वरच्या राठ केसांखालच्या मऊ लोकरीला परदेशी बाजारात रोख पैसा मिळतो. 1990मध्ये सुमारे 50 लाख असलेल्या शेळ्या तीस वर्षांत अडीच कोटींच्या पुढे गेल्या. एकूण जनावरं अडीच कोटींवरून 2019मध्ये 7 कोटींवर. पाच तोंडांपैकी गवत बुडाशी कुरतडणारं तोंड सगळ्यात वेगाने वाढलं. मेंढपाळाला हावरट म्हणून हे सुटत नाही. बँक नसलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाची शिल्लक म्हणजे त्याची शेळी.

जुड

आता सुरुवातीच्या बातमीकडे. त्या हिवाळी संकटाला मंगोल लोक 'जुड' म्हणतात. यातला ज आपल्या 'जाड'मधल्या जसारखा उच्चारायचा. ही सोय मराठीला आयती आहे.

जुडचे प्रकार आहेत. पांढरा जुड: बर्फ इतका खोल की जनावराला गवतापर्यंत पोचता येत नाही. काळा जुड: बर्फच पडत नाही. हिवाळ्यात ओढे गोठलेले असताना मेंढ्या बर्फ चाटून तहान भागवतात, तो नसला की त्या तहानेने मरतात. लोखंडी जुड: मध्येच थोडं वितळून पुन्हा गोठतं आणि गवतावर बर्फाची पाटी बसते, जी घोड्याच्या खुरालाही फुटत नाही. त्याआधीचा उन्हाळा कोरडा गेला असेल, जनावर मुळातच हडकलेलं असेल, तर जुड कुठलाही असो, ते टिकत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे 'ओतोर': नेहमीचा मुलूख सोडून, निवडक माणसांनी कळप घेऊन दूरच्या, बरं गवत असलेल्या भागात जाणं. दुसऱ्याच्या मुलखात. तिथल्यांनी येऊ द्यायचं, कारण पुढच्या खेपेला त्यांच्यावर ती वेळ येईल. 1999 ते 2002 या सलग हिवाळ्यांत 1 कोटीहून जास्त जनावरं गेली, 2009-10च्या एकाच हिवाळ्यात जवळपास तितकीच. थंडी पूर्वीही पडायची. आता कुरणं आधीच खाल्लेली असतात, आणि ओतोरला जायचं तर सगळीकडे कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हेच यातून दिसतं ना?

हा आक्षेप मोठा आहे आणि त्यामागे एक प्रसिद्ध मांडणी आहे. 1968मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने लिहिलं की सामाईक कुरणावर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जाणार, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटला जाणार. शेवटी कुरण संपणार. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी नियंत्रण. आपल्या गावाच्या गायरानाकडे पाहिलं तर हे पटकन पटतं.

पण हार्डिनच्या कुरणात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. पाळीच नसलेली विहीर त्याने डोळ्यांसमोर धरली होती. ज्यांच्याकडे पाळी होती, अशा जगभरच्या गावांचा, धरणांचा, मच्छीमारांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रम यांनी केला आणि 2009मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखला म्हणून वापरलेली एक तुलना नेमकी स्टेपवरची आहे. सीमेच्या तीन बाजूंचे उपग्रहावरून घेतलेले फोटो. रशियाच्या बाजूला सरकारी शेतं आणि पक्की वस्ती: तीन चतुर्थांश कुरणं खराब. चीनच्या बाजूला कुटुंबांमध्ये कुरणांची वाटणी: एक तृतीयांशाहून जास्त खराब. मंगोलियात, जिथे अजून बिऱ्हाडं हलत होती, साधारण एक दशांश. हे आकडे 1990च्या दशकातले. मंगोलियाची अवस्था त्यानंतर बरीच ढासळली आहे. तरीही, सरकारी आणि खासगी हे दोन्ही उपाय एकाच गवतावर करून झाले होते आणि दोन्ही मागे पडले, हे त्यातून दिसतं.

तरी वाटून दिलं तर प्रत्येक जण आपलं राखेल की

चीनमधल्या 'अंतर्गत मंगोलिया' या प्रदेशात 1980च्या दशकापासून हेच केलं गेलं. प्रत्येक कुटुंबाला ठरावीक कुरण, मग तारेचं कुंपण. हिशेब सोपा करून बघू. चार खोरी, चार कुटुंबं. दर वर्षी कुठल्या तरी एका खोऱ्यात पाऊस चुकतो. सामाईक असेल तर चारही कळप तीन खोऱ्यांत दाटीवाटीने निभावतात. वाटून दिलं, तर तीन कुटुंबं मजेत आणि चौथं संपलं. चार-पाच वर्षांत सगळ्यांचीच पाळी येते. कुंपणामुळे आणखी एक होतं: तीच जनावरं त्याच वाटेने वर्षभर पाण्याला जातात आणि ती वाट उखडून वाळूची होते. विकत चारा आणावा लागतो, त्यासाठी कर्ज. शेतात कुंपण पीक राखतं, स्टेपवर ते कळपाला दुष्काळात कोंडून ठेवतं.

पण आजच्या काळात असं फिरायचं कशाला?

स्थायिक व्हा, शहरात या, मुलं शिकवा. हे चांगल्या मनानेही म्हटलं जातं. पश्चिमेकडच्या कझाक स्टेपवर 1930च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत सरकारने हेच सक्तीने केलं. जनावरं काढून घेतली, माणसांना एका जागी बसवलं. तीन-चार वर्षांत पशुधनाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग नष्ट झाला आणि उपासमारीने सुमारे 15 लाख माणसं मेली, त्यातली बहुतांश कझाक. या मृत्यूंबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिलं गेलं आहे.

मंगोलियात आज सक्ती नाही, पण प्रत्येक जुडनंतर कळप गमावलेली कुटुंबं राजधानी उलानबाटरकडे येतात. देशाची निम्मी लोकसंख्या आता या एका शहरात आहे. शहराच्या कडेला गेरांच्या वस्त्या डोंगरावर चढत गेल्या आहेत, नळ आणि गटारं नाहीत, आणि हिवाळ्यात हजारो चुलींतून कोळसा जळतो. 2019मध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी आली, तरी धुराचा प्रश्न सुटलेला नाही. कुरणात ज्या माणसाचं ज्ञान अमूल्य होतं, तो इथे अकुशल मजूर ठरतो. आणि त्याने सोडलेल्या कोरड्या जमिनीतून दूध, मांस, लोकर काढणारी दुसरी रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

आजचा कायदा कुठे अडला आहे

1992च्या राज्यघटनेने पशुधन ही राष्ट्रीय संपत्ती मानली आणि कुरण खासगी मालकीबाहेर ठेवलं. 2002च्या जमीन कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: हिवाळी आणि वसंतातल्या मुक्कामाची जागा मेंढपाळांना ताब्यात देता येते, त्याचा कागद मिळतो. उन्हाळी आणि शरदातली कुरणं मात्र सामाईक. म्हणजे लेंड्यांच्या थरावरचा जुना हक्क कागदावर आला. गोम अशी, की कागद गोठ्याच्या जागेचा मिळाला. आसपासच्या राखीव गवताचं रक्षण 'सुम'च्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या प्रशासनाच्या, भरवशावर राहिलं. तिथे मोजके कर्मचारी आणि डोळ्यांत न मावणारा मुलूख. कुरणांसाठी स्वतंत्र कायद्याचे मसुदे वर्षानुवर्षं येतात आणि परत जातात. ज्यांचे कळप मोठे त्यांना मर्यादा नको, ज्यांचे लहान त्यांना वाटतं की कागदाच्या नावाखाली मोठेच कुरण बळकावतील. दोघांचीही भीती निराधार नाही. त्यात दक्षिणेला खाणी आल्या. ओयू तोलगोईसारख्या तांब्याच्या खाणीला कागदोपत्री परवाना मिळतो. कळपाच्या वाटेला तसा कागदच नसतो, त्यामुळे भरपाईच्या वेळी वाट मोजलीच जात नाही.

काही ठिकाणी शेजारी कुटुंबांचे गट करून, सुमशी करार करून, कुठलं गवत कधी बंद आणि कधी खुलं हे ठरवलं जातंय. 2006पासून पशुविम्याचा वेगळा प्रयोगही सुरू झाला. त्यात तुमची किती जनावरं मेली हे मोजत नाहीत, तर संपूर्ण सुममध्ये मरण्याचं प्रमाण ठरावीक टक्क्यांपुढे गेलं की विमा काढलेल्या सगळ्यांना पैसे मिळतात. पीक विम्यातल्या महसूल मंडळाच्या सरासरीसारखंच, आणि तक्रारीही तशाच. पण त्यात एक शहाणपण आहे: शेजाऱ्यांची जनावरं मेली आणि तुम्ही कष्टाने आपली वाचवलीत, तरी तुमचे पैसे बुडत नाहीत.

आणि शाळा आहे, जिचा कुरणाच्या कायद्यात उल्लेखही नाही. मूल सहाव्या वर्षी शाळेत जातं. शाळा सुमच्या गावात, तिला वसतिगृह आहे, पण सहा वर्षांच्या पोराला तिथे एकटं ठेवायला आईचं मन धजत नाही. मग सप्टेंबरात ती मुलांबरोबर गावात खोली करून राहते आणि वडील एकटे कळपापाशी. दूध काढायला, कोकरं सांभाळायला, रात्री लांडग्यांवर नजर ठेवायला एकच माणूस. आकाश बघून त्याला कळतं की यंदा इथे थांबण्यात अर्थ नाही, ओतोरला निघायला हवं. पण गेर एकट्याने उतरवून, उंटावर किंवा ट्रकवर लादून, पाचशे मेंढ्या हाकत नेता येत नाहीत, म्हणून तो तिथेच थांबतो.